सतराव्या ओळीवरचा अंगठा

चिखली, सोमवार

प्रिय वर्षाली,

तुझ्या विसरण्याला मानलं पाहिजे बाई. चार वर्षांत चिखलीचा पत्ता विसरलीस, निगडीच्या स्टँडवरून आपल्याकडे कुठली बस येते ते विसरलीस, ज्या पायरीवर पडून पुढचा दात पाडलास ती पायरीसुद्धा विसरलीस. आजी जिवंत आहे हेही विसरली असशील, म्हणून कळवते, की आहे. दोन्ही गुडघे दुखतात, एकच कान कामाचा राहिलाय, जीभ मात्र होती तशीच आहे. त्या जिभेबद्दलच पुढे बोलायचंय. पत्र लिहितेय तुझी आई. तिला आधीच बजावलंय, की वासंती, माझी वाक्यं सरळ करायची तर कर, पण गोड करायची नाहीत. आणि स्वयंपाकघरात नळ सोडून ती तुझ्याशी फोनवर बोलते, हे मला चारही वर्षं ठाऊक आहे. आपल्याकडे दिवसाआड पाणी येतं आणि तुम्ही मायलेकींनी अर्धी टाकी नुसती गुपितात वाहू दिलीत. हे लिहिताना ती थांबून माझ्याकडे बघतेय. लिही म्हटलं, तेही लिही.

फोन का केला नाही म्हणशील. फोन तू ठेवून दिला असतास. कागदही ठेवून देता येतो, पण तो दुसऱ्या दिवशी उचलून परत वाचता येतो, असं वाचणारी माणसं सांगतात. बातमी अशी आहे, की पुढच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी बाल कल्याण समितीच्या बाई आपलं घर बघायला येणार आहेत. तीन वर्षांच्या एका मुलीला आपल्याकडे वाढवायला द्यायचं की नाही, ते ठरणार आहे. दत्तक नाही. त्याला प्रतिपालक म्हणतात, मूल सरकारचं आणि घर आपलं. माझं वय त्यांच्या पट्टीत बसत नाही, म्हणून कागदावर तुझे आईबाप आहेत. आईने तुला हे सांगितलं नाही, कारण मीच सांगू दिलं नाही. मला स्वतःच्या तोंडाने सांगायचं होतं. पंधरा दिवस झाले, पण मी अजून भानावर आले नाही. परवा चहात मीठ घातलं आणि तुझा बाप रोहिदास ते न बोलता प्यायला, त्यावरून घरात काय वातावरण आहे ते ओळख.

सुरुवात तू गेल्यानंतरच्या तिसऱ्या रविवारची. पाळकसाहेबांनी चर्चच्या उपासनेत गर्भातल्या लेकरांवर संदेश दिला. मोठा जोरदार दिला. बाया डोळे पुसत होत्या, बाप्ये खाली बघत होते. शेवटी ते म्हणाले, आपण आयांना मूल पाडू नका म्हणतो, तर ते मूल झाल्यावर कुणी घ्यायचं? ज्या घरात अशा लेकराला जागा आहे त्यांनी सही करावी. आणि एक कागद फिरवला. आता गंमत बघ. पुढच्या रविवारी प्रीतिभोजन होतं, त्यामुळे कोण काय करून आणणार त्याचाही कागद त्याच दिवशी फिरत होता. मी भगिनी मंडळातल्या बायांशी बोलण्यात गुंतलेली. एक कागद आला, त्यावर अंगठा केला. थोड्या वेळाने दुसरा आला, त्यावरही केला. मला वाटलं, माझ्या हातची चव माहीत आहे, म्हणून दोन पदार्थ माझ्याच माथी मारले. प्रीतिभोजनाला मी लापशीचं पातेलं नेलं आणि भरल्या वांग्यांचंही नेलं, आणि बाकीच्यांनी एकेक आणलं तर मलाच दोन का, म्हणून महिनाभर सगळ्यांना ऐकवलं. कुणी मला काही सांगितलं नाही. म्हातारीशी वाद कोण घालणार.

तू गेल्यावर गच्चीवरच्या भाड्याच्या खोलीत एक मुलगी राहायला आली होती, योगिनी. तू तिला पाहिलं नाहीस, तेव्हा हे विसरणं तुझ्यावर ढकलत नाही. परभणीकडची, एकवीस वर्षांची, चाकणच्या एका कंपनीत कंत्राटावर गाड्यांच्या वायरी जोडायची. पहाटेच्या बसने जायची आणि आली की माझ्या उंबऱ्यावर बसून बोटं चोळायची. लाइनवरचा एक मुलगा लग्नाचं बोलत होता, तो बोलता बोलता गुजरातेत बदली घेऊन गेला. हिला कळलं तेव्हा चार महिने उलटून गेले होते. सोनोग्राफीला मीच तिच्याबरोबर गेले. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, बाळाच्या पाठीच्या कण्यावर गाठ आहे, पायांत बळ येईल की नाही सांगता येत नाही. ठेवायचं की नाही हा निर्णय तुझा. पण आज एकविसावा आठवडा संपतोय. चोवीसपर्यंत आम्हाला इथे करता येईल. त्यानंतर वरच्या डॉक्टरांचं मंडळ बसतं, कागद फिरतात, कोर्टातही जावं लागतं. तेव्हा लवकर सांग. योगिनी बाहेर आली आणि मला म्हणाली, आजी, मी एकटी कसं करू. ती मला विचारत होती, काय करू असं नाही, कसं करू असं. मी मात्र काय करायचं तेच सांगायला बसले होते.

मी तिला भगिनी मंडळात नेलं. ती आपल्या धर्माची नाही, पण रडायला तिला जागा हवी होती. आम्ही तिला मध्ये बसवलं, हात ठेवले आणि कागदाचं सांगितलं. एकतीस घरं तयार आहेत, पोरी. लेकराला जन्म दे, पुढचं चर्चची मंडळी बघेल. तिने दोनदा विचारलं, एकतीस? आणि मग ठरलं, की घाई नको, आधी एकवीस दिवसांची प्रार्थनेची साखळी करू, रोज एका घरी, मग जे मनात येईल ते तिने करावं. आता नीट ऐक. इथे तुझ्या आईने पेन खाली ठेवलं होतं. तिला म्हटलं, उचल. मला अक्षरं येत नाहीत, आठवडे मोजता येतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी बोट ठेवून मोजले होते. एकवीस दिवस मीच सुचवले. सात दिवसांचीही साखळी असते, तीन दिवसांचीही असते. मी एकवीस म्हणाले, आणि का म्हणाले ते तेव्हाही मला ठाऊक होतं. साखळी संपली त्या दिवशी योगिनीकडे ठरवायला काही उरलंच नव्हतं. आम्ही सगळ्यांनी देवाचे आभार मानले आणि तिला साडी नेसवली.

मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी पाठीचं ऑपरेशन झालं. योगिनीची नोकरी तोवर गेली होती आणि घरी परभणीला कुणाला काही माहीत नव्हतं. तिने समितीपुढे मूल ठेवलं, सही केली, आणि मूल शिशुगृहात गेलं. तिथे पद्धत आहे, आईला मन बदलायला दोन महिने देतात. ते दोन महिने ती दर आठवड्याला माझ्याकडे यायची आणि एकच विचारायची, आजी, त्यातलं कुणी जाऊन आलं का? मी म्हणायचे, येतील. मग ती गावी गेली. जाताना मला फक्त मुलीचं नाव सांगून गेली, विजयश्री. आणि मी काय केलं माहीत आहे? नाव आवडलं म्हणाले. परत त्या शिशुगृहाची पायरी चढले नाही. मला वाटायचं, एकतीस घरं आहेत, एवढ्यात कुणीतरी नेली असेल. मोठा आकडा असला की माणसाला झोप छान लागते.

तीन वर्षं कुणी नेली नाही. दत्तक घेणाऱ्यांची म्हणे रांग आहे, पण तिची फाइल वाचली की रांग पुढच्या बाळाकडे सरकते. पंधरा दिवसांपूर्वीच्या रविवारी शिशुगृहाच्या बाई आपल्या पाळकसाहेबांकडे आल्या. त्यांना तो कागद कुठून कळला होता देव जाणे. बहुतेक योगिनीनेच सांगितलं असेल, तिच्या लक्षात आकडा पक्का होता. उपासना संपल्यावर पाळकसाहेबांच्या खोलीत आम्ही सात-आठजण, त्यात तुझे आईबापही, पाळकसाहेब कागद काढून एकेकाला फोन लावतायत आणि फोनचा आवाज मोठा ठेवलाय. वर्षाली, मी शहाऐंशी वर्षांत पुष्कळ पाहिलं. दुष्काळात नगरहून चालत आलेली माणसं पाहिली, गिरणीत हात गेलेली पाहिली. पण त्या खोलीतला पाऊण तास माझ्या अंगावरून अजून उतरत नाही. रावेतच्या कुलदीपने, जो सगळ्यांत वरच्या पट्टीत गातो, सांगितलं की मुलाचं दहावीचं वर्ष आहे. निगडीचे मुकुंद सर, बंगल्यात दोघंच नवराबायको, तीन खोल्या बंद. ते म्हणाले, आमच्याकडे जिना आहे, तिच्या पायांना झेपायचं नाही. एकाने विचारलं, नॉर्मल नाही का एखादं. एकजण म्हणाला, साहेब, त्या दिवशी सगळ्यांनीच केली होती सही, त्यात काय एवढं. आणि ज्या बाईंच्या घरी मी पंचवीस वर्षं नाताळचा फराळ पोचवते, त्यांनी हळूच विचारलं, आई कुठल्या समाजाची होती हो? ख्रिस्ती होऊन आपल्याला तीन पिढ्या झाल्या, आणि फोनमधून हा प्रश्न आला. प्रत्येकजण शेवटी एकच म्हणायचा, आम्ही प्रार्थनेत धरतो तिला. सोळा घरांनी धरली प्रार्थनेत. हातात कुणी धरेना.

मी खुर्चीत बसून एकेकाला मनात नावं ठेवत होते. चेहरासुद्धा तसा केला होता, तुला माहीत आहे तो. मग पाळकसाहेब थांबले. म्हणाले, सतराव्या ओळीवर नाव नाही, अंगठा आहे. सगळे माझ्याकडे वळले. मंडळीत अंगठेवाल्या आम्ही तिघी होतो, दोघी देवाघरी गेल्या. मी म्हणाले, माझा नाही. ते म्हणाले, इंदुताई, आठवून बघा. मी म्हणाले, मी जेवणाच्या कागदावर केला होता, ह्याचं मला काही माहीत नाही, माझा नाहीच. आणि समोरच्या चिकन सेंटरच्या पिंजऱ्यातला कोंबडा आरवला. भर दुपारी, बारा वाजता. खोलीत आम्ही सगळे लहानपणापासून संडेस्कूल केलेले, कोंबडा आरवायच्या आत प्रभूला तीनदा नाकारणाऱ्या शिष्याची गोष्ट सगळ्यांना पाठ. कुणी हसलं नाही. सगळ्यांनी माना खाली घातल्या, फक्त त्या शिशुगृहाच्या बाई, त्या हिंदू, आमच्याकडे बघत राहिल्या, की ह्यांना एकदम झालं काय.

कागद माझ्यापुढे धरला. माझ्या अंगठ्यावर आडवी खूण आहे, आठवते ना, तुझ्या बापाच्या बारशाला विळीवर कापलेली. शाईत ती पांढरी रेघ सरळ उठली होती. ज्या एकतीस घरांचं नाव सांगून मी त्या पोरीचे एकवीस दिवस काढून घेतले, त्यातलं एक घर माझंच होतं आणि मला ते माहीत नव्हतं. आणि कळल्यावर माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो नाही हा. बाकीच्यांनी निदान कारणं तरी दिली. तेव्हा तुझी आई बोलली. अठ्ठावीस वर्षं ह्या घरात आहे, माझ्यापुढे कधी मोठ्याने बोलली नाही. ती म्हणाली, साहेब, आईंचा अंगठा आमच्याच घराचा आहे. त्याखाली माझी सही घ्या. रोहिदासने तिच्याकडे बघितलं, मग खिशातून पेन काढून तिला दिलं. हे लिहिताना तिचं अक्षर वाकडं येतंय का ते बघ आणि मला कळव, मला काही ते कळत नाही.

गुरुवारी आम्ही शिशुगृहात गेलो. सतरंजीवर सात-आठ लेकरं होती. एक मुलगी पायांना पट्ट्याच्या चपला बांधलेली, बसल्या बसल्या सरकत आमच्यापर्यंत आली आणि आम्ही टेकायच्या आतच हात हलवून म्हणाली, टाटा. मी म्हणाले, अगं, आत्ता तर आलोय. तिने परत हात हलवला, टाटा. तिथल्या मावशी म्हणाल्या, ती सगळ्यांना आल्या आल्याच टाटा करते, म्हणजे मग नंतर करावा लागत नाही. वर्षाली, तुझा बाप फॅक्टरीत तीस वर्षं प्रेस चालवतो, कानठळ्या बसतात पण चेहऱ्यावर रेघ हलत नाही. तो उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. ती मुलगी माझी पिशवी उपसत बसली. चष्म्याचं घर, विक्सची डबी, रुमाल, सगळं ओळीत मांडलं, आणि खाण्याचं काही नाही म्हटल्यावर माझ्याकडे असं बघितलं, की म्हातारे, आलीस कशाला. डोळे अगदी योगिनीचे. आता ती नसती असं म्हणायला माझी जीभ वळत नाही, कुणी कितीही समजावलं तरी वळणार नाही. आणि योगिनीकडून मी जे काढून घेतलं ते माझं नव्हतं, हेही तितकंच खरं आहे. दोन्ही एका वेळी कशी खरी असतात ते मला कळत नाही.

शिशुगृहाच्या बाईंनी काही गोष्टी सांगितल्या. मुलीचं नाव बदलायचं नाही, आईने ठेवलंय. धर्माचं तिच्यावर काही लादायचं नाही. हे मी कबूल केलं. माझ्या घरात नुसतं बसूनच तिला पुष्कळ ऐकायला मिळेल, लादायची काय गरज. आणि एक फॉर्म दिला. त्यात घरातल्या सगळ्या माणसांची नावं लिहायची आणि त्यांची हरकत नाही असं घ्यायचं. तुझ्या आईने लिहिलं, रोहिदास, वासंती, मी, आणि चौथ्या ओळीवर मला न विचारता तुझं नाव.

म्हणून हे पत्र. मुलीला जी खोली द्यायची ती तुझी आहे. तुझी कपाटं, तुझं टेबल, खिडकीला तू चिकटवलेले तारे, सगळं तसंच आहे. मीच कुणाला हात लावू दिला नाही, रागाने म्हणायचे की असू दे तसंच. तो राग नव्हता. तुझ्या परवानगीशिवाय तिथे एक पलंगही सरकवणार नाही. नाही म्हणालीस तर माझी खोली देऊ, मी बाहेर झोपेन, रुसणार नाही. आणि दुसरं. तू दोन महिन्यांची होतीस म्हणजे तुझ्या पोटातलं दोन महिन्यांचं होतं, तो मुलगा साखरपुड्यानंतर पाठ फिरवून गेला होता, तू एकटी दवाखान्यात गेलीस आणि एकटीच परत आलीस. आईला सांगितलंस, मी दाराआडून ऐकलं. तुझ्याजवळ येऊन बसायचं सोडून मी त्या रविवारी मंडळीत प्रार्थनाविनंतीच्या वेळी उभी राहिले आणि माझ्या नातीने गर्भ पाडला, तिच्यासाठी प्रार्थना करा, असं सगळ्यांसमोर तुझं नाव घेऊन म्हणाले. तू तिसऱ्या बाकावर बसली होतीस. उठलीस, चपला घातल्यास आणि गेलीस. विसरली-बिसरली काही नाहीस, ते मी मघाशी उगाच म्हणाले. पाळकसाहेबांचा तो संदेश माझ्या त्या विनंतीवरून सुचला होता, कागद त्या संदेशावरून निघाला आणि योगिनी त्या कागदावर विसंबली. सगळं माझ्याच जिभेवरून सुरू झालं. तुझ्याबद्दल जे बोलले ते चुकलं, पोरी. माझ्या देवाला काय वाटतं ते तो बघेल, पण तुला वेशीवर टांगायला त्याने मला सांगितलं नव्हतं. येत्या रविवारी त्याच जागेवर उभं राहून हे म्हणावं असं मनात आहे. पण तिथे परत तुझं नाव निघेल. तेव्हा या वेळी आधी विचारते. बोलू का? नको म्हणालीस तर बसून राहीन, आणि मला गप्प बसणं किती जड जातं ते तुला माहीतच आहे. खोलीबद्दल काय ते आईला सांग, नळ न सोडता. बोलण्याबद्दल मला सांग.

तुझीच,
आजी
(खाली अंगठा आहे. या वेळी आधी सगळं वाचून घेतलंय.)

ता. क. पहिल्या उन्हाळ्यात तू रत्नागिरीहून आंबापोळीचा डबा पाठवला होतास. तो मी उघडलाच नाही, वॉचमनला देऊन टाकला. तो अजून आठवण काढतो, आणि मी तोंड फिरवते. यंदा दोन डबे पाठव. पातळ पोळी बघ, साखर कमीची, तिला पुढच्या दातांनी ओढून खाता येईल अशी. एक डबा तिचा आणि एक माझा, वेगवेगळे बांध. ती वाटून खात नाही असं मावशी म्हणाल्या, आणि मीही खात नाही.